वालाचे बिरडे आणि भाताची वाटी : प्रमेहातील एक पथ्यविचार

कर्जत तालुक्यातील कोंडाणे म्हणताच राजमाचीच्या पायथ्याची प्राचीन बौद्ध लेणी आठवतात. आम्हां वैद्यांस मात्र या पट्ट्यातील भातखाचरेही तितकीच बोलकी वाटतात. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, ही रायगडची जुनी रीत. एकाच खाचराने ताटातील भातही दिला आणि बिरडेही.

हल्ली ‘कमी कर्बोदकांचा आहार’ ऐकून आलेला प्रमेही विचारतो, “भात सोडला, आता वाल, राजमाही सोडू का?” परदेशी आहारतक्त्यांतील ‘पिंटो बीन’ हा ठिपकेदार राजमाच होय. कठोर कीटोजन्य आहारात दिवसाला 20 ते 50 ग्रॅम कर्बोदकेच चालतात. त्यात कडधान्यास जागा उरत नाही. परंतु आकड्यांचा अर्थ नीट लावावा. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात, तर तेवढ्याच शिजलेल्या पिंटो राजम्यात सुमारे 26. भेद आहे तो तंतूंचा व प्रथिनांचा : राजम्यात दोन्ही सुमारे 9 ग्रॅम, पांढऱ्या भातात तंतू अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, प्रथिने तीनहून कमी. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सारणीत ग्लायसेमिक निर्देशांक पांढऱ्या भाताचा सरासरी 73, तर राजम्याचा 24 आहे. म्हणून कडधान्य भाताच्या जोडीला वाढवायचे नसून भाताच्या जागी घ्यायचे आहे. दोन वाट्या भाताऐवजी एक वाटी भात व एक वाटी बिरडे, असे रुग्णास सांगावे.

येथे नामसाम्याने फसू नये. ग्रंथोक्त ‘राजमाष’ म्हणजे चवळी. राजमा मूळचा अमेरिकेतील. तो आपल्याकडे पुष्कळ उशिरा आला. त्यास राजमाषाचे गुण चिकटवणे योग्य नव्हे. वाल मात्र आपला ‘निष्पाव’. भावप्रकाशात तो रूक्ष, गुरु, विदाही व वात-विबंधकर सांगितला आहे. म्हणून मंदाग्नी, आध्मान वा अम्लपित्त असलेल्या रुग्णास वालाचा आग्रह धरू नये. चरकांनी शमीधान्यांत श्रेष्ठ मानलेला मूग त्यास अधिक मानवेल.

संस्काराचे महत्त्व गृहिणी जाणतातच. वाल रात्रभर भिजवून, मोड आणून, सोलून, आमसूल घालून शिजवतात. गुळाचा खडा मात्र प्रमेहीने टाळावा. राजमाही भिजवून, ते पाणी ओतून देऊन, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळ उकळून मग पूर्ण शिजवावा. अर्धकच्च्या राजम्यातील लेक्टिनमुळे तीव्र वांती व अतिसार होतात. म्हणूनच औषधविक्रेत्या बंधूंनी कच्च्या राजम्याचे पीठ ‘साखरेवरचे चूर्ण’ म्हणून देऊ नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता भात एकाएकी बंद केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने कर्बोदके फार तोडल्यास शर्करा फारशी वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस संभवतो. वृक्कविकारात कडधान्याचे प्रमाण स्वतंत्रपणे ठरवावे लागते. यास्तव पथ्य सांगण्यापूर्वी रुग्णाच्या पिशवीतील गोळ्या पाहाव्यात, मात्रेतील बदल त्याच्या चिकित्सकाशी बोलूनच व्हावा, आणि विक्रेत्यांनीही औषध देताना “जेवण बदलले का?” एवढे विचारावे. हा एक प्रश्न रुग्णाचे प्राण वाचवू शकतो.