नदीमुखाचा जीर्णोद्धार

वांद्रें सोडून आगगाडी माहीमकडे निघाली कीं खाडीच्या पुलावर डब्यांतील मंडळींचा हात आपोआप नाकाकडे जातो. परवां असेंच जात असतां आमच्या नातवानें विचारलें, "आजोबा, हा कोणता नाला?" नाला नव्हे, ही मिठी नदी, असें आम्हीं सांगितलें, परंतु त्याच्या मुद्रेवरील अविश्वास पाहून आम्हांसच ओशाळल्यासारखें झालें. नदीस मुलें नाला म्हणूं लागलीं, यांत चूक मुलांची खचित नाहीं.

विहार (१८६०) व पवई (१८९१) या तलावांच्या सांडव्यांतून निघून सुमारें १८ किलोमीटर वाहत ही नदी माहीमच्या खाडींत समुद्रास मिळते. तिच्या कांठीं भिंती, फिरावयाचे रस्ते, बागा व दिवे करण्याच्या गोष्टी वारंवार कानीं येतात. सुशोभनास आमचा विरोध नाहीं. पण मोरी तुंबलेली असतां दिवाणखान्यांत गालिचा अंथरणाऱ्या गृहस्थास कोणी शहाणा म्हणत नाहीं. नदीमुखाच्या जीर्णोद्धारांत आधीं काय आणि मागाहून काय, हाच खरा प्रश्न आहे. तो समजण्यास लंडन शहराचा अनुभव पाहण्यासारखा आहे. कारण थेम्स नदीचें मुखहि असेंच भरती-ओहोटीचें असून एके काळीं तेंहि असेंच नासलें होतें.

१८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्सची दुर्गंधी इतकी असह्य झाली कीं पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे दुर्गंधिनाशक द्रावणांत भिजवून टांगावे लागले. तेव्हां जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें नदीस मिळणारा मैला वाटेंतच अडविणारीं ८२ मैल लांबीचीं मुख्य गटारें बांधून काढलीं. त्यांपैकीं एक गटार ज्याच्या पोटांतून जातें, तो व्हिक्टोरिया बांध १८७० मध्यें लोकांस खुला झाला. आज प्रवासी तेथें मोठ्या हौसेनें सहल करितात, ती वस्तुतः मोरीच्या झांकणावर! पण मोरी आधीं झाली, सहल मागाहून, हें ध्यानांत ठेवावें.

तथापि या कामांतहि एक उणीव राहिली. घाण नाहींशी झाली नव्हती. ती शहराच्या खालच्या अंगास, नदीमुखाजवळ, नेऊन सोडण्यांत येत होती. नदीमुखाचा स्वभाव असा कीं, ओहोटीनें गेलेलें भरतीनें परत येतें. ३ सप्टेंबर १८७८ रोजीं 'प्रिन्सेस अॅलिस' नांवाची उतारूंची आगबोट त्याच भागांत टक्कर होऊन बुडाली व सुमारें ६५० माणसें दगावलीं; त्यांच्याभोंवतीं नुकताच सोडलेला मैला पसरला होता. पुढें वस्ती वाढली, शुद्धीकरण अपुरें पडलें. कुजणारी घाण पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकते. तो संपला कीं मासा जगत नाहीं. १९५७ सालीं तेथील निसर्गेतिहास-संग्रहालयाच्या पाहणींत नदीचा बराच भाग मृत ठरला. त्यानंतर शुद्धीकरणाचीं मोठीं केंद्रें वाढविलीं, तेव्हां कोठें १९७४ मध्यें सामन मासा पुनः आढळला. एवढ्यानेंहि काम संपलें नाहीं. पावसाबरोबर गटारें उतूं जात, म्हणून २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खणावा लागला. तो २०२५ मध्यें पुरता जोडला गेला. १८५८ पासून १६७ वर्षें झालीं! असल्या कार्यास घाई चालत नाहीं, आणि टाळाटाळ तर मुळींच चालत नाहीं.

आतां घरीं परत येऊं. मिठीच्या बाबतींत पहिलें कर्तव्य तेंच: नाल्यांतील मैला नदीस मिळण्यापूर्वीं अडवून शुद्ध करणें. बापट नाला व सफेद पूल नाला यांचें सांडपाणी धारावीच्या केंद्रास नेण्यासाठीं सुमारें पावणेसात किलोमीटरचा बोगदा हातीं घेण्यांत आला, ही दिशा योग्य आहे.

दुसरें कर्तव्य, पाण्यास जागा देणें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यांतच भरती आली. जेथें हें पाणी पूर्वीं पसरत असे, त्या खाजणांवर भराव पडून वांद्रें-कुर्लें संकुल उभें राहिलें होतें. विमानतळाच्या धांवपट्टीखालीं नदीस वळणें घ्यावीं लागत होतीं. पाणी मग घराघरांत शिरलें. त्या रात्रीं कोणाचा मुलगा, कोणाची सून घरीं पोंचली नाहीं, हें मुंबईची कुटुंबें विसरलीं नसतील. अडविलेली नदी नाहींशी होत नाहीं. ती आपली जागा मागावयास येते.

तिसरें कर्तव्य, कांठावरील रहिवाशांस सांभाळणें. यांत तिवरांची झाडी येते. तिच्या मुळांत गाळ थांबतो, लाटेचा जोर मोडतो आणि माशांचीं पिलें वाढतात. तसेच माहीम व धारावी येथील कोळी बांधवहि येतात. ही खाडी त्यांचें शेत होतें; तिची योजना आखतांना त्यांस विचारावयाचें नाहीं, हा न्याय नव्हे. चिकाटीचें फळ मिळतें याची साक्ष खाडीकांठींच आहे. जेथें पूर्वीं कचऱ्याचा उकिरडा होता, तेथें १९९४ पासून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभें असून आज तेथें दाट वनराजी व पांखरें आहेत.

कलशपूजेच्या वेळीं आपण सात नद्यांचें स्मरण करितों. मनुस्मृतीनें तर पाण्यांत मळ टाकण्याचा स्पष्ट निषेध केला आहे. हा नियम आपण घरापुरता पाळला. आपल्या मोरींतून निघालेलें पाणी पुढें कोठें जातें, हें मात्र विचारलें नाहीं. वाचकांनीं तें आतां नगरपालिकेस विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवींत बांधून पुलावरून भिरकावणें तर आजच बंद करावें. आमच्या हयातींत मिठी निर्मळ होईल असा आमचा भ्रम नाहीं. पण नातवाच्या नातवानें तिला नदी म्हणावें, एवढी इच्छा अवाजवी खास नव्हे.