बाळाचा श्वास मोजणारे मणी

थंडी पडली की आपल्या बारामती-इंदापुरात उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. त्यांत महिन्या-दीड महिन्याची तान्ही बाळंही असतात. अशा बाळाला सर्दी झाली, तर ती साधी की न्यूमोनिया, हे दवाखाना लांब असताना कसं ओळखायचं?

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे हाच प्रश्न होता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेल्या या जोडप्यानं १९८६ मध्ये तिथं ‘सर्च’ ही संस्था काढली.

न्यूमोनिया झालेलं बाळ भराभर श्वास घेतं. एका मिनिटात दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले, किंवा दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, तर धोका समजायचा. पण गावच्या सुईणींना एवढं मोजता येईना. मग डॉक्टरांनी एक साधन केलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया. आधी आकडे शिकून या, असं त्या सुईणींना कुणी म्हटलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढं ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, त्याला उबेत ठेवायचं, जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. हो, इंजेक्शन! तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, ती पद्धत या कामातूनच पुढं आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पैसे लागत नाहीत. पण तोडणीला आलेल्या बाईचं बाळंतपण तिच्या गावाकडं झालं असेल, तर ते बाळ आपल्या आशाताईंच्या वहीत नसेलही. तुमच्या रानात टोळी उतरली असेल आणि कोपीत बाळ असेल, तर आशाताईंना तेवढं सांगा.

श्वास मोजताना बाळ शांत हवं. रडत किंवा अंगावर पीत नको. पोटाकडं बघत पूर्ण मिनिट मोजा, मोबाईलचं घड्याळ चालतं. जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा. तरीही तेवढेच भरले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडलं असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नका. लगेच १०८ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून, वरून पांघरूण घालून ठेवा.