मुक्या सोयऱ्यांचा दवाखाना (भाग ६) : केमोचा डोस जास्त गेला, तर?

व्हिंक्रिस्टीनची कुपी मुठीत मावते. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव आणि एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध. दहा किलोच्या कुत्र्याला त्यातलं पाव मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पाच थेंब पुरतात. अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीतून निघालेलं हे औषध आपल्याकडच्या प्राण्यांच्या दवाखान्यांत चांगलंच रुळलेलं आहे. भटक्या कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणाऱ्या टीव्हीटी नावाच्या गाठींवर त्याचं आठवड्याला एक इंजेक्शन देतात. चार-सहा आठवड्यांत बहुतेक कुत्री खडखडीत बरी होतात.

पाच थेंबांच्या हिशेबात मात्र चूक व्हायला फार वेळ लागत नाही. लिम्फोमा या कर्करोगासाठी याच औषधाचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो: दर चौरस मीटरला साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याचा पृष्ठभाग अर्ध्या चौरस मीटरहूनही किंचित कमी भरतो. आता ‘दर चौरस मीटर’ हे शब्द घाईत ‘दर किलो’ असे वाचले गेले, तर पाव मिलिग्रॅमच्या जागी पाच मिलिग्रॅम होतात. वीसपट! दशांश चिन्ह एक घर सरकलं तर दहापट. व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही तर नावांनीही जुळी भावंडं, पण दुसऱ्याचा डोस पहिल्याच्या तिप्पट-चौपट असतो.

अशी चूक हलगर्जी माणसाच्याच हातून होते, असं समजण्याचं कारण नाही. बॉस्टनच्या नामांकित डेना-फार्बर कर्करोग संस्थेत १९९४ मध्ये बेट्सी लेमन या पत्रकार महिलेला सायक्लोफॉस्फामाइड द्यायचं होतं. चार दिवसांत मिळून द्यायचा डोस तिला रोज एक, असा चारही दिवस दिला गेला. डिसेंबरमध्ये ती गेली. चूक उघडकीला आली ती दोन महिन्यांहून अधिक काळानंतर, नोंदी तपासताना. माणसांच्या एवढ्या मोठ्या रुग्णालयात हे घडू शकतं, तर एकाच टेबलावर लस, टाके आणि केमो सांभाळणाऱ्या छोट्या दवाखान्यात दुसऱ्या माणसाने आकडा पुन्हा तपासणं किती गरजेचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

जास्त डोस गेलेलं कुत्रं त्या दिवशी बहुधा शेपूट हलवत घरी जातं. धोका इथेच आहे. संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात काही तासच टिकतात, पण अस्थिमज्जेत त्यांचा सुमारे पाच दिवसांचा साठा तयार असतो. केमो कारखाना बंद पाडते, गोदामातला माल मात्र चालू राहतो. तो संपला की रक्तातला आकडा कोसळतो. व्हिंक्रिस्टीननंतर हा तळ साधारण चौथ्या ते सातव्या दिवशी दिसतो, डॉक्सोरुबिसिननंतर सातव्या ते दहाव्या. डोस जास्त असेल तर घसरण खोल जाते आणि सावरायला वेळ लागतो. त्याआधी उलट्या, जुलाब, अन्नावरची वासना जाणं, आतडी मंदावणं हे सुरू होतं. व्हिंक्रिस्टीन फारच जास्त गेलं तर फिट्सही येतात.

व्हिंक्रिस्टीनवर उतारा नाही. उपचार म्हणजे शरीर सावरेपर्यंत त्याला धरून ठेवणं. सलाईन, उलट्यांवर मॅरोपिटंट किंवा ऑनडॅनसेट्रॉन, दर एक-दोन दिवसांनी रक्ताची तपासणी. न्यूट्रोफिल हजाराखाली गेले की ताप नसतानाही प्रतिजैविकं सुरू करतात. अशा वेळी लोक काळजीने घर फिनाइलने धुऊन काढतात. पण संसर्ग करणारे जंतू बहुतेकदा कुत्र्याच्या स्वतःच्या आतड्यातलेच असतात, दुखावलेल्या अस्तरातून रक्तात शिरलेले. म्हणून घरी फरशीपेक्षा थर्मामीटरकडे लक्ष हवं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, या दिवसांत १०३ च्या वर गेलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

मज्जेला जागं करण्यासाठी माणसांसाठी बनवलेलं फिलग्रास्टिम टोचतात. त्याचा उपयोग होतो, पण ते प्रथिन माणसाचं. काही आठवड्यांत कुत्र्याचं शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यामुळे ते थोडेच दिवस वापरायचं औषध आहे.

काही कुत्र्यांना तर बरोबर डोसही जास्त होतो. २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कॅट्रिना मीली यांच्या गटाने कोली जातीच्या कुत्र्यांतला एमडीआर-१ जनुकातला दोष शोधला. पेशीत शिरलेलं औषध बाहेर फेकणारा पंपच या कुत्र्यांत चालत नाही. व्हिंक्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिन दोन्ही त्या पंपावर अवलंबून. कोली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड किंवा त्यांचा संकर घरात असेल, तर पहिल्या इंजेक्शनआधी मालकाने ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी.

दवाखान्याच्या बाहेरही अपघात होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये फ्लुओरोयुरासिल या केमोच्याच औषधाच्या, त्वचेला लावायच्या मलमाबद्दल इशारा दिला, कारण ते खाऊन पाच कुत्री दगावली होती. एका घरात दोन कुत्री ट्यूबशी खेळत होती. मालक धावेपर्यंत एकाने ती चावून फोडली होती. दोन तासांत उलट्या आणि झटके सुरू झाले, बारा तासांत ते गेलं. किलोला वीस मिलिग्रॅम एवढंसं औषधही जिवावर बेततं. पाच टक्क्यांच्या मलमात दहा किलोच्या कुत्र्यासाठी याचा अर्थ चार ग्रॅम, बोटभर मलम.

आपल्याकडे अनेक घरांत आजी-आजोबांच्या संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या असतात. आठवड्यातून एकदाच घ्यायचं हेही मुळात केमोचंच औषध. कुत्र्याने पाकीट फोडलं तर याला मात्र उतारा आहे: ल्युकोव्होरिन, म्हणजे फोलिनिक ॲसिड. पण ते पहिल्या एक-दोन दिवसांत द्यावं लागतं. गोळी पोटात असेल तर उलटी काढणं, कोळशाची पूड पाजणं हे त्याहून आधी, पहिल्या काही तासांत आणि डॉक्टरांच्या हातूनच. मिठाचं पाणी पाजू नये. त्याने वेगळीच विषबाधा होते.

तेव्हा शंका आली की लगेच फोन करावा. रिकामं पाकीट किंवा चावलेली ट्यूब सोबत न्यावी, किती गोळ्या होत्या, किती उरल्या, किती वाजता हे घडलं, ते सांगावं. कुत्रं ठीक दिसतंय म्हणून थांबू नये. आणि ज्या डॉक्टरांच्या हातून हिशेब चुकला असेल, त्यांनी तो मालकाला त्याच दिवशी सांगावा. गोदाम रिकामं व्हायला पाच दिवस आहेत. ते पाचही दिवस उपचाराला मिळाले पाहिजेत.