आशा, भाकीत आणि तजवीज

हिवाळा सरत आला की दक्षिण इंग्लंडच्या सखल प्रदेशात एका वर्गाची अस्वस्थता वाढू लागते. हा वर्ग हवामानाच्या हौशी निरीक्षकांचा. मोसम संपण्यापूर्वी एकदा तरी भरघोस हिमवर्षाव व्हावा, एवढीच त्यांची मागणी असते. पण तेथील हवामान सीमेवरचे आहे. ढगातून निघालेल्या हिमकणाला जमिनीजवळ एक-दोन अंशांची ऊब भेटली की तो वितळतो आणि साध्या पावसाच्या रूपाने खाली येतो. म्हणून ही मंडळी वाऱ्याची दिशा पाहतात, वायुभाराचे नकाशे चाळतात, रात्री-अपरात्री उठून अंगणातील तापमापक तपासतात आणि बहुधा निराश होतात. त्या निराशेची किंमत मात्र एका रात्रीच्या जागरणापलीकडे जात नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेतील वाचकाला या हौसेचे हसू येणे स्वाभाविक आहे. इंग्लंडात बर्फाची वाट पाहिली जाते त्या दिवसांत येथे दुपारचे ऊन टोचू लागलेले असते आणि पत्र्याची छपरे तापू लागतात. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, सीमेवरच्या हवामानात राहणे म्हणजे काय, हे सोलापूरकराला कोणी शिकवण्याची गरज नाही. फरक इतकाच की, त्याची सीमा तापमानाची नसून पावसाची आहे, आणि ती ओलांडली न गेल्यास होणारा तोटा हौसेचा नसून पोटाचा आहे.

महाराष्ट्रालाही बर्फाची हौस नाही असे नाही. कडाक्याची थंडी पडली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर आणि लिंगमळा परिसरात हिमकण जमल्याची वार्ता येते व पर्यटकांची पहाटेची धाव सुरू होते. वास्तविक तो हिमवर्षाव नव्हे. ते गोठलेले दव असते. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता वेगाने बाहेर टाकते, जड झालेली थंड हवा सखल जागी साचते आणि वेधशाळेच्या तापमापकात पारा शून्याच्या बराच वर असतानाही गवताची पाती गोठतात. पर्यटक ज्या पांढऱ्या थराचे कौतुक करतो, तोच थर स्ट्रॉबेरीच्या पानांवर पाहून बागायतदाराच्या काळजात धस्स होते. आभाळाकडे एकाच वेळी दोघे पाहत असतात, पण दोघांचे मागणे एक नसते.

याच महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे येताना वाऱ्यातील ओल सरत जाते आणि सोलापूरच्या वाट्याला त्याचा सातवा हिस्साही येत नाही. जो येतो तोही वेळ पाळीत नाही. कोकणात जुलै गाजतो. येथे मुख्य भरवसा सप्टेंबरवर, म्हणजे उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर. त्या पावसाची ओल काळ्या जमिनीने पोटात साठवायची आणि त्या साठ्यावर रब्बी ज्वारीने थंडीचे सगळे महिने काढायचे, असा हा हिशेब आहे. शेवटची एक-दोन पावसे आली तर कणीस भरते. चुकली तर कडबाही पुरत नाही.

या हिशेबाशी भवानी पेठेचा संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध रोजच्या ताटातला आहे. माघ-फाल्गुनात नवी ज्वारी बाजारात आली की वर्षाचे धान्य भरून ठेवण्याची रीत या शहरातील अनेक घरांत आजही आहे, आणि तेव्हा दिलेला भाव हा मागच्या हस्त नक्षत्राने ठरवलेला असतो. गावाकडे पीक बुडाले की मजूर शहराकडे येतो, शहरातील मजुरीवर ताण पडतो आणि खेड्यातील गिऱ्हाईक आटल्याने चादरी-टॉवेलांचा उठावही मंदावतो. कारकुनाचा पगार आभाळावर अवलंबून नसेल. त्या पगाराची किंमत मात्र असते.

अशा मुलखात पुढचे वर्ष कसे जाईल हे आगाऊ कळावे, ही तळमळ प्राचीन आहे. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या यात्रेत होम प्रदीपनाच्या रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेले वासरू आणले जाते, त्याच्यापुढे धान्य, गूळ अशा वस्तू मांडल्या जातात आणि त्याच्या हालचालींवरून पाऊसपाण्याचा व बाजारभावाचा अंदाज सांगितला जातो. वासराने मूत्रविसर्जन केले तर पाऊस भरपूर. ते बिथरले तर संकटाची चिन्हे. या प्रथेला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु पेरणीला अनेक महिने अवकाश असताना सारे शहर एका प्रश्नापाशी थांबते, त्यामागची व्याकुळता खोटी म्हणता येत नाही. उणीव आहे ती निराळीच. वासरू उत्तर देते. ते उत्तर चुकण्याचा संभव किती, हे मात्र सांगत नाही.

विज्ञानानेही हाच प्रश्न हाती घेतला, आणि योगायोग असा की, त्याचे पहिले उत्तर हिवाळ्यातील बर्फातच शोधले गेले. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. लगोलग १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला आणि दख्खनची दैना झाली. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी त्यानंतर असे प्रतिपादन केले की, हिमालयात हिवाळ्यात व वसंतात बर्फ अधिक साचले तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडतो. बर्फ सूर्याचे ऊन परतवते, ते वितळण्यात उष्णता खर्ची पडते, जमीन उशिरा तापते आणि समुद्रावरचे वारे ओढून आणणारी शक्ती क्षीण होते, असा तो तर्क. त्याच आधारावर १८८६ मध्ये मोसमी पावसाचे नियमित दीर्घ मुदतीचे अंदाज सुरू झाले. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिले नाही त्या शेतकऱ्यांचे भवितव्य हिमशिखरांवर वाचण्याचा हा प्रयत्न होता.

तो संबंध पुढे ब्लॅनफर्ड यांना वाटला तितका पक्का ठरला नाही. १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप पुढे आणले, त्यातही हिमालयाच्या बर्फाला जागा होती. त्या प्रारूपाने अनेक वर्षे चांगली साथ दिली. २००२ साली मात्र सामान्य पावसाचा अंदाज असताना देशात सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पाऊस झाला आणि प्रारूप बदलावे लागले. यावरून विज्ञान आणि वासरू सारखेच, असा निष्कर्ष काढणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. तो निष्कर्ष चुकीचा आहे. विज्ञानाने आपली चूक आकड्यात मांडली, तिची कारणे शोधली आणि पद्धत बदलली. चूक मोजता येणे हीच त्याची मिळकत होय.

तरीही एक मर्यादा उरतेच. देशभराचा पाऊस सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के राहील, या विधानात उत्तर सोलापूर वा मंगळवेढा तालुक्याला कसलेही वचन नसते. देशाची सरासरी गाठली जात असताना एखादा जिल्हा कोरडा राहू शकतो. सरासरी या शब्दानेच आपली फसगत होते. काही वर्षे उणी, काही वर्षे अतिरेकी आणि त्यांच्या मधोमध काढलेली एक रेघ, म्हणजे सोलापूरची सरासरी. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेच्या पुराने पंढरपुरात पाणी शिरले, सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने गावे वेढली. हाच जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो. हिवाळ्याच्या शेवटी येथे बर्फ पडतच नाही असेही नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते गारांच्या रूपाने पडले आणि राज्याच्या अनेक जिल्ह्यांतील उभ्या पिकांची व फळबागांची माती करून गेले.

वाट पाहण्याऐवजी आभाळालाच हात घालावा, असाही प्रयत्न सोलापुरात झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने येथे ढगांत बीजारोपणाचा शास्त्रशुद्ध प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले: बीजारोपण केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेकडील भागात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. ही प्रगती लहान नव्हे. पण बी पेरायला आधी ढग असावा लागतो. ज्या वर्षी आभाळ रिते असते त्या वर्षी विमान काय करणार?

मग सीमेवरच्या हवामानात माणसाने करावे तरी काय? या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तरही याच मातीत सापडते. १९३० च्या दशकात सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. पाऊस पडेल की नाही, हा त्या संशोधनाचा प्रश्न नव्हता; जो पडेल तो शिवारात कसा अडवावा, ओल कशी राखावी, पेरणी केव्हा व किती अंतरावर करावी, हे त्याचे प्रश्न होते. मोहोळच्या केंद्रात निवडीने सिद्ध झालेली मालदांडी ज्वारी ही याच वृत्तीची देणगी. साठल्या ओलीवर तग धरणारे हे वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले, कारण ते चांगल्या वर्षाच्या आशेवर बेतलेले नव्हते. याला भाकीत म्हणता येणार नाही. ही तजवीज आहे.

दुर्दैवाने आपली धोरणे आशेवर अधिक चालली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि सोलापूरचे पाणी पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील पावसाशी जोडले गेले. पाणी दिसताच ऊस वाढला. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत हा अवर्षणप्रवण जिल्हा जाऊन बसला. भरलेले धरण हे चांगल्या वर्षाचे दान आहे, कायमचा हक्क नव्हे, हे विसरले गेले. त्याच धरणाच्या काठच्या जिल्ह्याचे मुख्य शहर वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या वेळापत्रकावर संसार चालवत आले, यातच सारे आले.

तजवीजीची सुरुवात मोजण्यापासून होते. महावेध प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या नोंदींवर ठरते. परंतु सोलापूरचा वळवाचा वा परतीचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि शेजारच्या शिवाराला चुकवतो. मंडळाच्या केंद्रावर पडलेला पाऊस आपल्या बांधावर पडलाच नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. सिद्ध करता येत नाही. प्रत्येक गावच्या शाळेत एक साधा पर्जन्यमापक असावा, सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थ्यांनी तो वाचावा आणि शिक्षकांच्या सहीने नोंद ठेवावी, याला खर्च फारसा नाही. अशा नोंदी दहा-वीस वर्षे सलग राहिल्या तर गावाला स्वतःच्या आभाळाचा खरा इतिहास मिळेल आणि विम्याच्या वादात बोट ठेवायला एक कागदही मिळेल. ग्रामपंचायतीतल्या आणि तहसिलीतल्या कारकुनाने त्या कागदाला दफ्तरात जागा दिली पाहिजे, एवढीच अट.

इंग्लंडातील हौशी निरीक्षकांकडून उचलण्यासारखे काही असेल तर ते हेच. बर्फ पडो वा न पडो, त्यांची वही रोज लिहिली जाते. येत्या संक्रांतीलाही सोलापूरकर भाकणुकीला गर्दी करतील, आणि करावी. एप्रिलमध्ये वेधशाळेचा अंदाज येईल तोही लक्षपूर्वक वाचावा. मात्र दोन्ही अंदाज शुभ निघाले तरी बांधबंदिस्ती, जनावरांचा चारा आणि उजनीच्या पाण्याचा हिशेब हे पाऊस चुकणार असे धरूनच झाले पाहिजेत. पाऊस आला, तर अशा तयारीने कोणाचेही नुकसान होणार नाही.