तळं आपलं, पण 'नाही' कोण म्हणणार? सोसायटीच्या बोटिंगचे नियम आणि ते पाळायला लावण्याची पद्धत



या वेळच्या व्हिडिओत बोटिंगचा विषय घेतला, तेव्हा काही जणांना आश्चर्य वाटलं असेल. परळमध्ये बसून तळ्याचं काय घेऊन बसलात? पण आपल्या शनिवारच्या बॅचमध्ये बघा. कोणाचा कर्जत, मुरबाड, शहापूरकडे वीकएंड प्लॉट आहे, कोणी कृषी पर्यटन सुरू केलंय, कोणी अशा प्रकल्पात कँटीन किंवा बोटिंगचं कंत्राट घेतलंय. प्रकल्पाच्या जाहिरातीत तळं असतं, तळ्यात दोन-तीन होड्या असतात आणि काठावर नियमांचा एक बोर्ड असतो. बोर्ड रंगवणं सोपं असतं. रविवारी दुपारी गर्दी झाली की तो पाळायला लावणं कठीण जातं, आणि आजचा लेख त्याच भागावर आहे.

आधी माझीच चूक सांगतो

माझा एक विद्यार्थी आहे, नाव सांगत नाही. मूळ धंदा केटरिंगचा. त्याने एका खासगी वसाहतीच्या तळ्यावर बोटिंगचं कंत्राट घेतलं. होडी पाच प्रवासी अधिक नावाडी एवढ्याची. एका रविवारी वसाहतीतले एक सभासद आठ पाहुणे घेऊन आले. नावाडी म्हणाला, "साहेब, दोन फेऱ्या करू." साहेब चिडले. "तू कोणाच्या तळ्यावर उभा आहेस माहितीये ना?" त्यांनी थेट मालकाला, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला फोन लावला. हा म्हणाला, "अरे, आपलेच आहेत, एक राउंड मारून आण."

होडी आठ जणांना घेऊन निघाली. मधोमध गेल्यावर सगळे फोटोसाठी एका बाजूला झुकले आणि काठावरून पाणी आत आलं. नावाड्याने ओरडून सगळ्यांना होडीच्या तळाशी बसवलं आणि हळूहळू वल्हवत परत आणलं. कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी नावाड्याने काम सोडलं.

विद्यार्थी माझ्याकडे आला तो विचारायला, "सर, नवीन नावाडी कुठे मिळेल?" मी म्हटलं, प्रश्न चुकतोय. जो माणूस 'नाही' म्हणत होता त्याचं तू ऐकलं नाहीस, म्हणून तो गेला. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, ग्राहकाला 'नाही' म्हणायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

खरं होतं ते. माझ्या पहिल्या बॅचपासून मी तेच सांगत होतो. दुकानात ते चालतं, पण पाण्यावर चालत नाही. म्हणून आज दुरुस्ती करतोय.

पाणी कोणालाही ओळखत नाही

आपल्या भागातल्या जुन्या लोकांना 'रामदास' बोट माहीत आहे. 17 जुलै 1947, गटारी अमावस्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वादळी पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यात गिरगाव-परळकडची बरीच होती. पाणी आत आलं तसे लोक घाबरून एका बाजूला धावले आणि बोट कलंडली.

'जुनी गोष्ट' म्हणून सोडून देऊ नका. 2024 या एकाच वर्षात काय झालं बघा.

18 जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. हा समुद्र नव्हता, शहरातला तलाव होता, आणि बोटिंग कंत्राटावर चाललं होतं.

21 मेला उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, सहा गेले.

18 डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला इंजिनची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली. 15 जणांचा जीव गेला. इथे धडक दुसऱ्याची होती, पण जॅकेट शोधून घालायला वेळ कोणाला मिळाला? त्यानंतर गेटवेवर जॅकेट घालण्याची सक्ती झाली.

तीन घटना, तीन धडे: होडीत मोजून बसवा, वारा बघून निघा आणि जॅकेट आधी घाला. आता गंमत बघा. तुमच्या बोर्डवर हे तिन्ही नियम बहुतेक लिहिलेलेच असतील!

"पण तळं खासगी आहे ना?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. तळं खासगी असलं तरी कायदा काठावर थांबत नाही.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 मध्ये नदी, कालव्याबरोबर तलावही येतात. यंत्रावर चालणाऱ्या होडीला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. वल्ह्याच्या किंवा बिनइंजिनाच्या होड्यांची स्थानिक पातळीवर नोंद ठेवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. महाराष्ट्रात बोटींच्या नोंदणी-तपासणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. तळं धरणाच्या जलाशयाचा भाग असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. साहसी पर्यटनासाठी राज्याने 2021 मध्ये धोरण आणलंय, त्यात पाण्यावरचे उपक्रमही येतात. तुमच्या तळ्याला यातलं नेमकं काय लागू होतं, हे होडी पाण्यात टाकण्याआधी जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आणि गुन्ह्याचं काय? भारतीय न्याय संहितेचं कलम 284 वाचा. पैसे घेऊन माणसांना असुरक्षित किंवा जास्त भार भरलेल्या होडीतून नेणं, हाच गुन्हा आहे. होडी उलटलीच पाहिजे असं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्या वेळी "सभासदांनीच सांगितलं होतं" हे उत्तर चालेल असं समजू नका.

नियम का मोडतात? पैशाचं गणित बघा

नियम मोडणारा माणूस वाईट असतोच असं नाही. बऱ्याचदा आपणच पगार आणि दर असे ठेवतो की नियम मोडणं फायद्याचं ठरतं.

समजा, माणशी दर 100 रुपये. पाच जणांचे 500. सात बसवले तर 700. रविवारी दहा फेऱ्या म्हणजे दिवसाला 2,000 जास्त, महिन्याच्या चार रविवारचे 8,000. एवढ्यासाठी तुम्ही केटरिंगचा धंदा, घर आणि झोप पणाला लावताय. नावाड्याला माणशी दहा रुपये कमिशन असेल तर त्याला दिवसाचे 200 जास्त मिळतात. म्हणजे 200 रुपयांसाठी वीस माणसं जास्त नेण्याचा मोह आपणच त्याच्या हातात दिला!

उपाय गणितातच आहे. दर 140 करा. पाच गुणिले 140, झाले 700. गल्ला तोच, होडी हलकी. "दर जास्त का?" असं कोणी विचारलं तर सांगा, "आम्ही पाचच बसवतो म्हणून." ही तुमची सगळ्यात चांगली जाहिरात आहे.

दुसरं, नावाड्याला फेरीवर किंवा माणशी पैसे देऊ नका. दिवसाचा ठरलेला पगार द्या, आणि वाऱ्यामुळे बोटिंग बंद ठेवलं त्या दिवशीही पूर्ण द्या. नाहीतर आभाळ भरून आलं तरी त्याला ते दिसणार नाही. पोट आभाळाकडे बघू देत नाही.

पाळता येतील असेच सहा नियम

बोर्डवर वीस नियम लिहिले की एकही पाळला जात नाही. सहा ठेवा, आणि प्रत्येक नियम डोळ्यांनी तपासता आला पाहिजे.

1. आकडा होडीवर. क्षमता होडीच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवा. लहान मूल म्हणजे एक माणूस. मांडीवर घेतलं तरी मोजायचं.

2. जॅकेट काठावरच. सगळे पट्टे लावल्याशिवाय होडीत पाऊल नाही. खांद्याकडे धरून वर ओढून बघा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. मुलांसाठी मुलांच्याच मापाचं, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं घ्या. मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खाली सटकतं. पोहता येणाऱ्यालाही सूट नाही, नावाड्यालाही नाही.

3. उभं राहायचं नाही. माणूस उभा राहिला की होडीचा तोल वर सरकतो आणि थोड्या हेलकाव्यानेही ती कलंडते. फोटो काठावर, आणि तोही आपल्या माणसाने काढून द्यायचा. मग आतमध्ये उभं राहायचं कारणच उरत नाही.

4. झेंडा. धक्क्यावर एक झेंडा लावा. वारा वाढला, वीज चमकली, अंधार पडू लागला की लाल झेंडा आणि सगळ्या होड्या परत. लाल झेंडा नावाडी लावणार, ऑफिस नाही.

5. दारू घेतलेल्याला प्रवेश नाही. 'थोडीशीच' हा प्रकार नाही.

6. काठावर एक माणूस मोकळा. त्याच्याकडे शिट्टी, तरंगणारी रिंग, लांब दोर, बांबू आणि एक रिकामी होडी. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना आवाज निघत नाही. म्हणून या माणसाने मोबाइल बघायचा नाही, पाणी बघायचं.

वाचवतानाही क्रम आहे: आधी बांबू पुढे करा, मग रिंग किंवा दोर फेका, मग होडी न्या. उडी सगळ्यात शेवटी, तीही प्रशिक्षण घेतलेल्यानेच. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच धरून खाली नेतो. 112 आणि 108 हे नंबर धक्क्यावर लिहा, आणि रुग्णवाहिकेला सांगायचा पत्ता नीट खुणांसकट खाली लिहा. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक आणि बोट चालवण्याचे कोर्स आहेत. एका माणसाला पाठवा. तो खर्च नव्हे, भांडवल आहे.

आता खरा प्रश्न: 'आपल्याच' माणसाला कोण अडवणार?

लालबाग-परळची मंडळं आठवा. दोर धरून उभा असलेला कार्यकर्ता अठरा-वीस वर्षांचा पोरगा असतो. समोर कितीही मोठा माणूस आला तरी तो म्हणतो, "काका, मागून या." आणि काका मागून येतात. का? कारण त्यांना माहीत असतं की अध्यक्षांकडे गेलो तर अध्यक्षही हेच सांगणार. पोराच्या शब्दामागे अख्खं मंडळ उभं असतं.

तळ्यावर हेच करायचं. सर्वसाधारण सभेत एक ठराव करा आणि कंत्राटातही तोच मजकूर घाला: *पाण्यावर जायचं की नाही, याबाबत नावाड्याचा 'नाही' शेवटचा. कमिटी, सभासद किंवा कंत्राटदार तो त्या दिवशी बदलू शकत नाही. तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशी, लेखी.*

"त्या दिवशी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. काठावर, पाहुण्यांसमोर वाद झाला की मान राखण्यासाठी नियम मोडला जातो. एक रात्र मध्ये गेली की बहुतेक तक्रारी येतच नाहीत.

नियम मोडल्यावर काय, तेही ठरावातच ठेवा. पहिल्या वेळी लेखी समज, दुसऱ्या वेळी महिनाभर तळं बंद, तिसऱ्या वेळी वर्षभर. पाहुण्याने मोडला तर तो सभासदाने मोडला असं धरायचं. पैशाचा दंड शक्यतो नको. श्रीमंत माणूस दंडाला तिकीट समजतो. आणि सुरुवात कमिटीपासून करा. चेअरमन स्वतः जॅकेट घालून होडीत बसलेले दिसले, की तुमचं निम्मं काम तिथेच होतं.

एक वही ठेवा: फेरीची वेळ, किती माणसं, किती जॅकेट, नावाड्याची सही. शिवाय "आज कोणाला नाही म्हटलं?" असा एक रकाना. महिनाभर तो रकाना रिकामा राहिला तर खूश होऊ नका. बहुधा तुमचा नावाडी 'नाही' म्हणायला घाबरतोय.

या आठवड्याचं काम

येत्या रविवारी तुमच्या तळ्यावर जा. कोणाला न सांगता अर्धा तास धक्क्याजवळ बसा आणि फक्त मोजा: किती माणसं बसली, किती पट्टे लागले. तुमचं तळं नसेल तरी जिथे सहलीला जाल तिथे हे करा. पट्टा न लागलेलं एक जरी मूल होडीत दिसलं तर उठून बोला.

माझा विद्यार्थी त्या नावाड्याच्या घरी गेला. माफी मागितली, ठरलेला पगार देऊ केला आणि ठरावाचा कागद वाचून दाखवला. नावाड्याने एकच विचारलं, "आणि तुमचा फोन आला तर?"

विद्यार्थी म्हणाला, "तर मलाही नाही म्हण."

तो परत कामावर आला. आणि मी माझं जुनं वाक्य बदललं. ग्राहकाला उगाच 'नाही' म्हणू नका. पण ज्या 'नाही'मुळे ग्राहक संध्याकाळी घरी पोचतो, तो म्हणणाऱ्या माणसाला सांभाळा.

भेटू पुढच्या शनिवारी!