फुगडी आणि फणीचे दात

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी पडद्यावर सेकंदास २५ चित्रे येत. तेवढ्याने पडदा लुकलुकला असता. म्हणून प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत दाखवीत: प्रथम एकाआड एक रेषा, आणि १/५० सेकंदाने मधल्या उरलेल्या रेषा. डोळ्यांस ते अखंड भासे. युक्ती मोठी नामी होती!

पुढे घरोघरी लग्नामुंजींच्या व्हिडिओ फिती निघाल्या, त्याही याच पद्धतीच्या. संगणकाचा पडदा मात्र दोन्ही हप्ते एकदम दाखवितो. मग मंगळागौरीच्या फितीत फुगडी घालणाऱ्या आजीच्या पदराला फणीसारखे दात फुटतात. कारण दुसऱ्या हप्त्यापर्यंत पदर पुढे सरकलेला असतो. मागची भिंत स्थिर. तिला दात नाहीत.

एक हप्ता टाकून देणे सोपे. पण फुगडी अडखळते. त्यापेक्षा प्रत्येक हप्त्यातील रिकाम्या रेषा शेजारच्या रेषांवरून अदमासाने भराव्यात आणि नवी प्रत सेकंदास ५० चित्रांची करावी. चित्राचा आकार बदलणे त्यानंतर. दात असतानाच चित्र लहान केले, तर दोन क्षण एकमेकांत कालवले जातात. मग ते कोणासही वेगळे करता येत नाहीत.