स्वर्गाचं नागरिकत्व, फिलिप्पैचा पत्ता

उत्तर ग्रीसमध्ये कावाला नावाचं बंदर आहे. त्याच्या मागचा डोंगर ओलांडला की फिलिप्पैचे अवशेष लागतात. 2016 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. गावाला नाव मिळालं ते अलेक्झांडरच्या वडिलांवरून, राजा फिलिपवरून. भोवतालची वस्ती मुख्यतः ग्रीक बोलणारी. पण इथले पहिल्या शतकातले शिलालेख वाचू लागलं की ते बहुतेक लॅटिन निघतात!

त्याचं कारण एका लढाईत आहे. इ.स.पूर्व 42 मध्ये ज्यूलियस सीझरचे मारेकरी ब्रूटस आणि कॅशियस यांचा इथेच पराभव झाला. लढाई संपल्यावर निवृत्त सैनिकांना याच मुलखात जमिनी देऊन वसवण्यात आलं, पुढे ऑक्टेव्हियनने इटलीतून आणखी माणसं पाठवली. रोमपासून इतक्या दूर राहणारी ही कुटुंबं रोमची पूर्ण नागरिक होती. त्यांची नावं ‘व्होल्टिनिया’ या रोमन गणात नोंदलेली असत, त्यांच्या जमिनीला इटलीतल्या जमिनीसारखीच करमाफी होती. यातल्या कित्येकांनी जन्मात कधी रोम पाहिलं नसेल.

पहिल्या शतकाच्या मध्याला प्रेषित पौलाने याच गावातल्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीला कैदेतून पत्र लिहिलं. त्याच्या तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे. एरवी आपण हे वाचतो आणि पुढे जातो. पृथ्वी म्हणजे धर्मशाळा, चार दिवसांचा मुक्काम, खरं घर वर, असा अर्थ मनात तयारच असतो. फिलिप्पैच्या चौकात उभं राहून तेच ऐकलं की मात्र सगळं उलटंपालटं होतं. तिथल्या सैनिकाच्या नातवाला कुणी ‘तू रोमचा नागरिक’ म्हटलं, तर तो काही बोचकं बांधून रोमला निघत नसे. रोमला तो परत नकोच होता. रोमचा कायदा, रोमची भाषा, रोमची रीत त्याने इथे, या मातीत चालवावी, एवढ्यासाठी तर त्याचे आजोबा इथे वसवले गेले होते. पौल पुढे काय म्हणतो तेही पाहा. आपण वर कधी जाणार याबद्दल तिथे चकार शब्द नाही. तारणारा तिकडून इकडे येणार आहे आणि आपली ही दुबळी शरीरं पालटणार आहे. एन. टी. राइट यांच्यासारखे बायबलचे अभ्यासक हा मुद्दा आग्रहाने मांडतात. मला तर तो प्रत्येक वेळी नव्याने थक्क करतो, कारण बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या शेवटीही देवाची नगरी स्वर्गातून खाली उतरते.

अर्थात याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल मरणाची ओढही लपवत नाही. ख्रिस्ताजवळ जाणं फार बरं, असं तो उघड सांगतो. मग तुमच्यासाठी मागे राहणंच जास्त गरजेचं आहे, असं म्हणून राहायचं ठरवतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच मनात आहेत, आणि त्यातली एकही खोटी नाही.

हे पत्र ऐकायला बसलेलं कोण होतं? पत्रात तिथल्या मंडळींची जी नावं येतात, त्यात युवदीया, सुंतुखे, एपफ्रदीत ही ग्रीक आणि क्लेमेंत तेवढं लॅटिन. गावात रोमन नागरिक मानाने मिरवत असले तरी भोवती ग्रीक, थ्रेसियन, गुलाम असे कितीतरी लोक होते, ज्यांना ते नागरिकत्व कधीच मिळणार नव्हतं. अशांना पौल सांगतो की तुम्ही नागरिक आहात. आणि ज्याच्या नावाने सांगतो, तो क्रूसावर मेलेला. रोमन नागरिकाला सहसा दिली जात नसे, अशीच ती शिक्षा होती.

पण पौलाने पृथ्वीवरचं नागरिकत्व फेकून दिलं का? ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सोळाव्या अध्यायात याच गावातली एक हकिकत आहे. भविष्य सांगणाऱ्या एका गुलाम मुलीची पौलाने त्या पीडेतून सुटका केली आणि तिच्या धन्यांची कमाई बुडाली. त्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकात ओढत नेलं. चौकशी न करताच दोघांचे कपडे फाडले, छड्या मारल्या, आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवले. रात्री भूकंपाने दारं उघडली, तरी ते पळाले नाहीत. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदारांकरवी ‘सोडून द्या’ असा निरोप धाडला. तेव्हा पौलाने तोंड उघडलं: आम्ही रोमन नागरिक आहोत, न्यायनिवाडा न करता आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि बाहेर न्या. अधिकारी घाबरले, कारण नागरिकाला असं मारणं कायद्याने गुन्हा होता. ते आले आणि त्यांनी विनवणी केली.

मार तर खाऊन झाला होता. मग हा आग्रह कशासाठी? मला वाटतं, मागे राहणाऱ्यांसाठी. गाव सोडण्याआधी तो लुदियाच्या घरी गेला. ही जांभळी वस्त्रं विकणारी बाई, तिच्याच घरी मंडळी जमत असे. या लोकांवर हात टाकताना अधिकाऱ्यांनी आता दोनदा विचार केला असेल.

पुढच्या काळातल्या एका अनाम लेखकाने दिओग्नेतस नावाच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात हेच आणखी साधं करून सांगितलं आहे. ख्रिस्ती लोकांची गावं वेगळी नाहीत, भाषा वेगळी नाही, पेहराव वेगळा नाही. ते सगळ्यांसारखी लग्नं करतात, मुलं वाढवतात, पण नकोशी झालेली तान्ही बाळं टाकून देत नाहीत. त्या काळात असं टाकणं सर्रास चाले. स्वर्गाची ओळख कुठे दिसावी, तर पाळण्यात! या पत्राचं एकमेव जुनं हस्तलिखित पंधराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका मासेविक्याच्या दुकानात रद्दीत सापडलं. 1870 मध्ये स्ट्रासबुर्गवर तोफा डागल्या गेल्या तेव्हा ते जळालं. आधी छापून ठेवलं होतं, म्हणून आपल्याला वाचता येतं.

मराठीत फिलिप्पैकरांचं पत्र मूळ ग्रीकवरून आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलं. त्याच रमाबाई 1889 च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेल्या होत्या. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची कशी आबाळ होते, हे त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं. सरकार ख्रिस्ती राणीचं होतं, म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात गेला. आणि तीन वर्षांनी गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडच्या अनाथ मुलींसाठी केडगावची दारं उघडली गेली.